बाळ घरी आल्यावरचे पहिले सहा आठवडे: काय करायचं, कोणत्या क्रमानं, आणि काय करायचं नाही

नाशिकमध्ये बाळंतिणींच्या घरी जाऊन बाळाला अंगावर पाजायला शिकवणं हे माझं काम. घर सिडकोतलं असो नाहीतर निफाडच्या मळ्यातलं, फोन तिसऱ्या-चौथ्या दिवशीच येतो आणि तक्रार ठरलेली असते: "ताई, दूधच येत नाही, बाळ सारखं रडतंय." जाऊन बघावं तर बाळाला साखरपाणी पाजून झालेलं असतं, गुटी चाटवून झालेली असते, खोलीत धुरीचा वास असतो. पाजणं तेवढं राहिलेलं असतं.

पहिल्या दिवसांतला गोंधळ बहुतेक वेळा असाच होतो. माणसं हौसेनं, काळजीनं जास्तीचं करतात आणि क्रम उलटा होतो. म्हणून इथे क्रमच देते आहे. हा क्रम पूर्ण दिवसांच्या, अडीच किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त वजनाच्या बाळासाठी आहे. बाळ लवकर जन्मलेलं असेल किंवा काचेत ठेवावं लागलं असेल, तर तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आधी.

१. आठव्या महिन्यातच उरकायची तयारी

खोली निवडताना उजेड आणि खेळती हवा बघा. बाळंतिणीची खोली म्हणजे सगळ्या खिडक्या बंद, ही पद्धत सोडा. मच्छरदाणी हवीच.

कपडे: सुती लंगोट २५-३०, झबली आठ-दहा, टोपरी तीन-चार, मऊ दुपटी डझनभर. पावसाळ्यातलं बाळंतपण असेल तर लंगोट आणखी दहा वाढवा, कारण जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकला दोन दिवस कपडा वाळत नाही. दमट लंगोट बांधू नका, इस्त्री फिरवून कोरडा करा.

सावधान: ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली जुनी दुपटी बाळाला लपेटू नका. काही बाळांच्या रक्तात जी६पीडी नावाचं एक एन्झाइम कमी असतं. त्यांना या गोळ्यांच्या वाफेनं रक्तपेशी फुटून जोराची कावीळ होते, आणि बाळ त्यातलं आहे का हे वरून कळत नाही. गोळ्या घरातून काढून टाका, कपडे दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवा.

आणखी दोनच वस्तू हव्यात: काखेत लावायचा डिजिटल थर्मामीटर आणि एक वही. वहीचं काम पुढे येतं.

रात्री दोन वाजता कुठे जायचं हेही आत्ताच ठरवा. दवाखान्यात नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे का, तो रात्री सुरू असतो का, हे जाऊन विचारा. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात असा विभाग आहे. सरकारी रुग्णवाहिकेसाठी १०८. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळावरचे उपचार मोफत असतात, त्यामुळे पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबू नका.

२. दवाखान्यातून सुट्टी घेताना

सुट्टीच्या दिवशी सगळे पेढे आणि गाडीच्या गडबडीत असतात, आणि विचारायचं तेच राहतं. हे विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा:

- जन्मवजन किती, आजचं वजन किती.
- बीसीजी (क्षयाची लस), पोलिओचे थेंब आणि काविळीची (हिपॅटायटिस बी) लस दिली का. हिपॅटायटिस बीची जन्मल्यापासून २४ तासांत द्यायची असते.
- व्हिटॅमिन के इंजेक्शन दिलं का.
- आईचा आणि बाळाचा रक्तगट.
- थायरॉइडची आणि ऐकण्याची तपासणी झाली का, नसेल तर कधी.
- पुन्हा दाखवायला कधी आणायचं. ४८ तासांच्या आत सुट्टी मिळाली असेल तर पुढच्या एक-दोन दिवसांतच यायला हवं.

आणि एक गोष्ट अडून बसून करून घ्या. नर्सला समोर उभं करून बाळाला एकदा पूर्ण पाजून दाखवा. "जमेल हो घरी गेल्यावर" यावर निघू नका.

घरी जाताना दुचाकी नको. चारचाकीत बाळाला पुढच्या सीटवर घेऊन बसू नका.

३. पाजणं: पहिल्या दोन आठवड्यांचं खरं काम

चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, येतो चमचाभरच, आणि पहिल्या दिवशी बाळाच्या पोटाला तेवढाच लागतो. दूध भरून येतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सिझेरियन झालं असेल तर कधी एखादा दिवस उशिरा. मधल्या दिवसांत बाळ तासातासाला मागतं, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या रात्री. "दूध पुरत नाही" हा निष्कर्ष याच रात्री निघतो आणि पावडरचा डबा याच रात्री घरात येतो. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. डब्यानं पोट भरलं की बाळ कमी ओढतं आणि दूध खरंच कमी होतं.

पाजण्याचा क्रम असा:

१. वेळ ओळखा. बाळ ओठ चाटतं, मूठ तोंडाकडे नेतं, मान वळवून शोधतं, तेव्हाच घ्या. रडणं ही भुकेची शेवटची खूण. रडून लाल झालेलं बाळ नीट पकडत नाही, आधी छातीशी धरून शांत करावं लागतं.

२. आई आधी नीट बसते. पाठीला टेका, हाताखाली उशी. बाळ आईकडे वाकवायचं नाही आणि आईनंही बाळावर वाकायचं नाही. बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत.

३. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबा. स्तनाग्र बाळाच्या वरच्या ओठाला लावा. जांभईसारखं तोंड उघडलं की बाळाला पटकन जवळ ओढा. नुसतं बोंड तोंडात जाऊन उपयोग नाही, भोवतीचा काळा भागही बराचसा आत जायला हवा.

४. पकड तपासा. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग खालून कमी आणि वरून जास्त दिसणारा, गाल फुगलेले. गाल आत ओढले जात असतील किंवा चुटूक-चुटूक आवाज येत असेल तर पकड चुकली आहे. बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवा आणि पुन्हा लावा. हे पाच वेळा करावं लागलं तरी करा.

५. एक बाजू आधी पूर्ण. बाळ स्वतः सोडेपर्यंत तीच बाजू. नंतरचं दूध घट्ट आणि स्निग्ध असतं, त्यानं वजन वाढतं. घड्याळ लावून पाच मिनिटं इकडे, पाच तिकडे केलं की बाळाला पातळच मिळत राहतं. मग खांद्यावर घेऊन ढेकर, आणि दुसरी बाजू दाखवायची.

६. २४ तासांत ८ ते १२ वेळा. बाळ झोपाळू असेल तर तीन तासांवर जाऊ देऊ नका. दुपटं काढा, लंगोट बदला, तळवे चोळा, उठवा.

पाजताना दर वेळी डोळ्यांत पाणी येत असेल तर "पहिल्यांदा असंच दुखतं" म्हणून सोसू नका. सुरुवातीचे काही क्षण ओढ जाणवणं वेगळं. चिरा पडत असतील तर पकड चुकते आहे, आणि ती सुधारल्याशिवाय कुठलंही मलम पुरं पडत नाही. तोवर शेवटचं दूध बोंडावर लावून हवेत वाळू द्या.

पाणी, मध, साखरपाणी, गुटी, ग्राइप वॉटर यांतलं काहीही नको. सहा महिने फक्त आईचं दूध. एप्रिल-मेच्या उन्हातही बाळाला लागणारं पाणी दुधातूनच मिळतं. उचकी लागली तरी पाण्याचा थेंब नको, उचकी आपली आपण थांबते. मध वर्षाच्या आत कधीच नाही, त्यातल्या जिवाणूंनी बाळाला पक्षाघातासारखा आजार होऊ शकतो. गुटीच्या सहाणेवर जायफळ किती उगाळलं जातं याला माप नसतं, आणि जायफळानं बाळ "शांत झोपतं" ते गुंगीनं. गुंगलेलं बाळ भूक लागली तरी मागत नाही.

माझ्या पहिल्या मुलाच्या वेळी मीही हेच होऊ दिलं. माहेरी चौथ्या रात्री त्याला साखरपाणी दिलं, तो आठ तास झोपला आणि आम्ही सगळे खूश झालो. सकाळी तळपाय पिवळे होते. काविळीसाठी तीन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. म्हणून "रात्रभर छान झोपला हो" असं पहिल्या आठवड्यात कोणी म्हणालं की मी आधी शेवटचं कधी पाजलं ते विचारते.

गुटीवरून घरात वाद होतोच. सासूबाई म्हणणार, "अगं, तुझ्या नवऱ्याला मीच गुटीवर वाढवलाय." वाद घालू नका. पुढच्या तपासणीला "आई, तुम्हीही चला ना, तुम्ही विचारलेलं बरं" असं म्हणून त्यांना सोबत न्या आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं घरात टिकतं.

डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलंच तर वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरा, बाटली नको. काढलेलं आईचं दूधही असंच पाजा. ते खोलीत चार तासांपर्यंत चालतं, उन्हाळ्यात लगेच फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत संपवा. गॅसवर उकळायचं नाही, वाटी कोमट पाण्यात ठेवायची.

४. वही: पुरतंय की नाही हे मोजून ठरवा

रडण्यावरून दूध मोजता येत नाही, लंगोटांवरून येतं. वही भिंतीला दोरीनं बांधा आणि तीन रकाने आखा: पाजलं, शू, शी. अंबड-सातपूरला शिफ्टला जाणाऱ्या बाबांनाही घरी आल्या आल्या एका नजरेत कळतं आणि "जेवला का गं?" हा प्रश्न उरत नाही. रात्रीच्या नोंदी त्यांनीच कराव्यात.

- शू: पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त. रंग फिकट.
- शी: पहिले दोन दिवस काळपट-हिरवी आणि चिकट, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी. अंगावरच्या बाळाची पिवळी, पातळ, दाणेदार शी दिवसात आठ-दहा वेळा झाली तरी ती हगवण नव्हे.
- वजन: पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत उतरणं दिसू शकतं, त्याहून जास्त असेल तर लगेच दाखवा. दोन आठवड्यांत जन्मवजन परत यायला हवं, पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम.

वजन दर वेळी त्याच काट्यावर आणि उघड्या अंगानं करा. एकदा दुपट्यासकट आणि एकदा दुपट्याशिवाय केलं की विनाकारण घाबरगुंडी उडते.

लगेच निघा, सकाळची वाट बघू नका:

- ओढायचं बंद केलं, किंवा लागोपाठ दोन पाजण्या नाकारल्या आणि मलूल पडलं.
- काखेतलं तापमान ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा वर, अथवा लपेटून छातीशी धरूनही ३६.५ अंशांच्या खाली.
- शांत असताना मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, कण्हणं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा.
- ओठ निळे, झटके, टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली.
- हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, बेंबीभोवती लाली.

दूध थोडं ओठांतून येणं, शिंका, झोपेत दचकणं, मुलीला पहिल्या आठवड्यात अंगावरून रक्ताचा डाग, मुलगा असो वा मुलगी छातीला सूज: हे सगळं आपोआप जातं. छाती पिळून दूध काढायची पद्धत आहे, ती करू देऊ नका, त्यातून गळू होतो.

५. ऊब आणि झोप

तपासायची सोपी रीत: हाताची पाठ बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायांना. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार असतील तर बाळाला उघड्या अंगानं आईच्या उघड्या छातीवर घ्या, वरून पांघरूण घाला, टोपरं घाला, पाजा आणि दवाखान्यात कळवा. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि निफाडला त्याहून खाली. तेव्हा छातीवरची ऊब हीच सगळ्यात भरवशाची.

बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच ठेवू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आई आणि बाळ दोघंही झोपेत दगावू शकतात. ओव्याची, वेखंडाची धुरीही नको, बाळाच्या श्वासनलिका फार अरुंद असतात.

उन्हाळ्यात उलट चूक होते. मे महिन्यात कुंची, दुपटं आणि वर शाल! एक सुती झबलं पुरतं. पंखा चालतो, कूलरचा झोत अंगावर नको.

झोपवायचं पाठीवर, घट्ट गादीवर, उशी न देता. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, तीही नको. तोंडाजवळ सैल पांघरूण नको. झोळीत इतक्या लहान बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. बारशाचा पाळणा सपाट असतो, तो चालेल.

६. नाळ, अंघोळ, मालिश

नाळेला काहीही लावायचं नाही. तेल, हळद, राख, पावडर काहीच नाही. लंगोट नाळेच्या खाली दुमडा, ती उघडी आणि कोरडी राहू द्या. एक ते दोन आठवड्यांत पडते. लोंबत असली तरी ओढू नका.

नाळ पडेपर्यंत ओल्या कपड्यानं पुसणं पुरे. नंतर अंघोळ घाला, वाऱ्याच्या जागी नको. आधी गार पाणी बादलीत, मग गरम, आणि कोपर बुडवून बघा. मालिशवाल्या बाई हात पाण्यात घालून "ठीक आहे" म्हणतात, पण त्यांच्या हातांना कढतची सवय असते. अंघोळ पाच-सात मिनिटांत उरका, आधी डोकं पुसा.

मालिश हलक्या हातानं, खोबरेल तेलानं, पाजून निदान तासभर झाल्यावर. मालिशवाल्या बाईंना पहिल्याच दिवशी, चहा देतानाच, गोडीत सांगा: कानात-नाकात तेल नाही, नाकात फुंकर नाही, डाळीच्या पिठानं घासणं नाही, पायाला धरून उलटं करणं नाही, मुलाची कातडी मागे ओढणं नाही. टाळूवर तेल लावायला हरकत नाही, फक्त दाबायचं नाही. काजळ डोळ्यांत नको, त्यात शिसं असू शकतं. तीट लावायचीच तर तळपायाला लावा, हात तोंडात जातात.

७. कावीळ

रोज सकाळी खिडकीच्या उजेडात बाळाचं कपाळ, छाती, पोट, पाय असं क्रमानं बघा. बोटानं हलकं दाबून सोडलं की खालचा रंग कळतो. ट्यूबलाइटखाली कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा पिवळसर होणं नेहमीचं. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा आला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, बाळ झोपाळलं किंवा दोन आठवड्यांनंतरही पिवळं राहिलं तर रक्त तपासायला न्या. शी पांढरट असेल तर एक दिवसही थांबू नका. कोवळ्या उन्हात धरल्यानं वाढलेली कावीळ उतरत नाही आणि त्यात दोन मोलाचे दिवस जातात.

८. बाळंतीण

हिला सगळे विसरतात. पाणी कमी द्यायची रीत अजूनही घराघरांत आहे, ती चूक आहे. तहान लागेल तेवढं पाणी प्यावं. आळीव-डिंकाचे लाडू जरूर द्या, पण भाजी, डाळ, फळं बंद करून नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने चालू राहतात.

तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, घाण वास, ३८ अंशांवर ताप, सतत डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, एका पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं किंवा धाप: त्याच दिवशी दवाखाना. स्तनाला लाल, गरम गाठ आणि ताप असला तरी पाजणं थांबवायचं नाही. त्याच बाजूनं पाजत राहून डॉक्टरांना दाखवायचं.

पहिल्या आठवड्यात विनाकारण रडू येतं. दोन आठवड्यांच्या पुढेही ते थांबलं नाही, बाळाकडे बघावंसं वाटेना, झोप येईना, तर घरच्यांनी "मन घट्ट कर" म्हणू नये. डॉक्टरांशी बोला किंवा १४४१६ या टेलि-मानस हेल्पलाइनवर फोन करा. स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली तर तिला एकटं सोडू नका, लगेच न्या.

९. पाचवी, बारसं आणि पाहुणे

पाचवी पूजा, बारसं करा, पण बाळ हातोहाती फिरवू नका. उराशी धरणाऱ्या प्रत्येकानं साबणानं हात धुवायचे, मुके घ्यायचे नाहीत, सर्दी-खोकला असलेल्यानं दारातूनच बघायचं. छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारणी करून येणाऱ्या काका-मामांनी आधी अंघोळ करून कपडे बदलावेत. दिंडोरी-निफाडकडच्या घरांना मी हे आवर्जून सांगते. बारशाच्या गर्दीत दोन पाजण्या चुकतात, म्हणून वही त्या दिवशी कोणा एकाच्या हातात द्या.

१०. कागद आणि दीड महिन्याची लस

जन्मनोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते, तुम्ही राहता तिथे नाही. बाळंतपण माहेरी सिन्नरला झालं आणि दाखला नाशिक महापालिकेत शोधला, तर सापडणार नाही. २१ दिवसांत नोंद मोफत होते. दवाखाना माहिती पाठवतो, पण पाठवली का हे तुम्ही विचारा आणि आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारशी जुळवून द्या. बाळाचं नाव ठरलं नसेल तर त्याशिवाय नोंद करून घ्या, नाव वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला जन्माचा पुरावा म्हणून चालतो, त्यामुळे स्पेलिंगमधली चूक पुढे फार महागात पडते.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि कोणी आलं नसेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात पत्ता नोंदवून या.

बीसीजीच्या जागी डाव्या दंडावर चार-सहा आठवड्यांनी फोड येऊन फुटतो. काही लावू नका, चोळू नका, ती लस काम करते आहे.

सहा आठवडे झाले की पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), पोलिओ, रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकलची पहिली फेरी. सव्वा महिना झाला म्हणून आधी वणीच्या गडावर जाऊन येऊ, लस पुढच्या महिन्यात बघू, असं करू नका. आधी लस, मग गड. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि ती वही दोन्ही न्या. आईचीही तपासणी त्याच दिवशी करून घ्या. सुई टोचताना बाळ अंगावर असू द्या, कमी रडतं. नंतर अर्धा तास केंद्रातच बसा. तापाचं औषध वजनाप्रमाणे किती मिली द्यायचं ते तिथेच लिहून घ्या, आणि टोचलेल्या जागी बर्फ किंवा शेक न देता घरी या.